सैनिक, प्रेम आणि विश्वासघात : नानावटी खटला आणि 'अचानक' (१९७३) या हिंदी चित्रपटाचा अभ्यास

सारांश

सैनिक, त्याचे प्रेम आणि त्याच्या वाट्याला आलेला विश्वासघात हे हिंदी चित्रपटसृष्टीतील एक लोकप्रिय कथासूत्र आहे. या कथासूत्राच्या मुळाशी मुंबईत १९५९ साली घडलेला कमांडर नानावटी खटला आहे. या खटल्यावरून प्रेरणा घेऊन निघालेल्या चित्रपटांपैकी गुलजार दिग्दर्शित 'अचानक' (१९७३) या चित्रपटाचा प्रस्तुत लेखात प्रामुख्याने विचार केला आहे. प्रत्यक्ष खटला, त्यामागील कायद्याचे तत्त्व आणि पडद्यावरील त्याचे रूप यांची तुलना करून, सैनिकाविषयीच्या आदरामुळे न्यायाचा प्रश्न कसा झाकोळला जातो, याचे विवेचन येथे केले आहे. रायगड जिल्ह्यातील, विशेषतः पेण व रोहा परिसरातील समाजजीवनाच्या संदर्भात या विषयाचे महत्त्वही स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : नानावटी खटला, हिंदी चित्रपट, सैनिक, प्रक्षोभन, ज्यूरी, व्यभिचारविषयक कायदा, रायगड जिल्हा.

प्रस्तावना

चित्रपट हे आधुनिक काळातील सर्वांत प्रभावी लोकमाध्यम आहे. ज्या प्रश्नांची चर्चा न्यायालयात किंवा ग्रंथांत मर्यादित वर्तुळात होते, तेच प्रश्न चित्रपट सामान्य माणसापर्यंत पोहोचवतो. मात्र ते पोहोचवताना तो त्यांचे स्वरूपही बदलतो. कायद्याच्या परिभाषेतील 'आरोपी' पडद्यावर 'नायक' होतो, 'साक्षीदार' ही 'पतिता' ठरते आणि 'मृत इसम' हा 'खलनायक' बनतो. हा बदल कसा घडतो, हे समजून घेतल्याशिवाय अशा चित्रपटांचे मूल्यमापन करता येत नाही.

सैनिकाविषयीच्या कथानकाला हिंदी चित्रपटात दोन प्रमुख धारा आहेत. पहिली धारा रणभूमीची आहे. चेतन आनंद यांचा 'हकीकत' (१९६४) हे तिचे ठळक उदाहरण होय. दुसरी धारा सैनिकाच्या घराची आहे. राज कपूर यांच्या 'संगम' (१९६४) मध्ये नायक वायुदलात जातो आणि त्याच्या अनुपस्थितीभोवती प्रेमाचा त्रिकोण उभा राहतो. 'अचानक' या दोन्ही धारांच्या संगमावर उभा आहे. रणांगणावर शौर्य गाजवणारा माणूस घरी परतल्यावर खुनी कसा होतो, असा प्रश्न तो विचारतो.

उद्दिष्टे

१. सैनिकाच्या प्रतिमेमागील सांस्कृतिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. नानावटी खटल्यातील घटना व न्यायप्रक्रिया यांचा आढावा घेणे.
३. 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभन' या कायदेशीर तत्त्वाचा अर्थ समजावून देणे.
४. 'अचानक' आणि त्याच घटनेवरील अन्य चित्रपट यांची प्रत्यक्ष खटल्याशी तुलना करणे.
५. या कथासूत्रातील स्त्रीचे स्थान तपासणे.

सैनिकाची प्रतिमा : रायगड व कोकणातील पार्श्वभूमी

सैनिकाविषयीचा आदर हा महाराष्ट्राच्या लोकमानसात खोलवर रुजलेला आहे. गावोगावी आढळणारे वीरगळ त्याची साक्ष देतात. लढाईत कामी आलेल्या वीराची स्मृती दगडावर कोरण्याची ही प्रथा आहे. मुंबईतील बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळांवर तर समुद्रावरील युद्धाचे प्रसंग कोरलेले आहेत. या वीरगळांच्या जोडीने अनेक ठिकाणी सतीशिळाही आढळतात. एका शिळेवर पुरुषाचे शौर्य आणि दुसरीवर स्त्रीची निष्ठा अशी ही विभागणी आहे. पुरुषाने बाहेर लढावे आणि स्त्रीने घरी निष्ठा जपावी, ही अपेक्षा अशा रीतीने दगडात कोरली गेली आहे. चित्रपटातील सैनिकाचे कथानक याच जुन्या अपेक्षेवर आधारलेले असते. म्हणूनच सैनिकाच्या पत्नीचा विश्वासघात प्रेक्षकाला सामान्य पतीच्या फसवणुकीपेक्षा अधिक गंभीर वाटतो.

रायगड जिल्ह्यापुरता विचार केल्यास ही परंपरा अधिक स्पष्ट दिसते. पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव तानाजी मालुसरे यांच्या स्मृतीशी जोडलेले आहे. मुलाचे लग्न बाजूला ठेवून ते कोंढाण्याच्या मोहिमेवर गेल्याची कथा घराघरांत सांगितली जाते. आधी कर्तव्य आणि मग घर, हा तिचा आशय आहे. रोह्याच्या दक्षिणेस असलेल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या भूमीवर १० जुलै १९४४ रोजी शत्रूचे मशीनगनचे ठाणे एकट्याने काबीज केले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्यांचे वय त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. रोह्याचे ग्रामदैवत श्री धावीर महाराज यांच्या पालखीला पोलीस दलाकडून सशस्त्र मानवंदना दिली जाते. 'वीर' या शब्दाला येथे देवत्वाचा स्पर्श आहे, हे त्यातून दिसते.

याच परिसराच्या जीवनाचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घेणे आवश्यक आहे. कोकणातील कुटुंबव्यवस्थेत पुरुषाची दीर्घ अनुपस्थिती ही नवी गोष्ट नाही. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, जहाजांवर किंवा सैन्यात नोकरी करणारा पुरुष वर्षातून गणपती आणि शिमग्याला घरी येई. त्याला 'चाकरमानी' म्हणत. घरची शेती, मुले आणि वृद्ध यांचा भार स्त्रीवर असे. अनुपस्थिती आणि विश्वास यांचा ताण हा केवळ सैनिकाच्या घरातील विषय नसून या भूमीतील असंख्य घरांचा अनुभव आहे. त्यामुळे पेण किंवा रोह्याच्या प्रेक्षकाला 'अचानक' सारखा चित्रपट परका वाटत नाही.

नानावटी खटला : घटना व न्यायप्रक्रिया

कावस माणेकशॉ नानावटी हे भारतीय नौदलात कमांडर होते. 'आय.एन.एस. म्हैसूर' या युद्धनौकेवर ते दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी म्हणून काम पाहत. त्यांची पत्नी सिल्व्हिया मूळची इंग्लंडची होती. नानावटी कामानिमित्त दीर्घकाळ समुद्रावर असत. या काळात सिल्व्हिया आणि मुंबईतील व्यावसायिक प्रेम आहुजा यांच्यात संबंध निर्माण झाले.

२७ एप्रिल १९५९ रोजी दुपारी सिल्व्हिया यांनी या संबंधांची कबुली पतीपुढे दिली. त्यानंतरचा घटनाक्रम महत्त्वाचा आहे. नानावटी यांनी पत्नी व मुलांना ठरल्याप्रमाणे चित्रपटगृहात सोडले. तेथून ते जहाजावर गेले. आपण रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) जाणार आहोत, असे खोटे कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. ते प्रथम आहुजा यांच्या कार्यालयात गेले. तेथे ते न भेटल्याने ते नेपियन सी रोड परिसरातील त्यांच्या घरी गेले. शयनगृहात गोळ्या झाडल्या गेल्या आणि आहुजा मरण पावले. नानावटी यांनी त्यानंतर पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे स्वतःला हजर केले.

खटला बृहन्मुंबईच्या सत्र न्यायालयात न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यापुढे ज्यूरीच्या साहाय्याने चालला. बचाव पक्षाचे मुख्य म्हणणे असे की, आहुजा पत्नीशी विवाह करून मुलांना स्वीकारणार आहेत काय, हे विचारण्यासाठी नानावटी गेले होते. तेथे झटापट झाली आणि त्या झटापटीत अपघाताने गोळ्या सुटल्या. यावर फिर्यादी पक्षाने एका साध्या वस्तूकडे लक्ष वेधले. आहुजा नुकतेच स्नान करून बाहेर आले होते आणि त्यांच्या कमरेचा टॉवेल शेवटपर्यंत जागेवर होता. झटापट झाली असती तर तो तसाच राहिला असता काय, असा त्यांचा प्रश्न होता.

ऑक्टोबर १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपी निर्दोष असल्याचा निर्णय दिला. न्यायाधीश मेहता यांना हा निर्णय मान्य झाला नाही. कोणतीही सुज्ञ ज्यूरी या पुराव्यावर असा निर्णय देऊ शकत नाही, असे मत नोंदवून त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे न्यायमूर्ती शेलत व न्यायमूर्ती नाईक यांच्या खंडपीठाने ११ मार्च १९६० रोजी नानावटी यांना खुनासाठी दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. अपघाताचा बचाव घेतल्यास तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, ही गोष्ट ज्यूरीला नीट समजावून सांगितली गेली नव्हती, हा उच्च न्यायालयाच्या निर्णयातील एक महत्त्वाचा मुद्दा होता.

त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत ही शिक्षा स्थगित केली आणि नानावटी नौदलाच्या ताब्यात राहिले. या आदेशाने कार्यपालिका आणि न्यायपालिका यांच्या अधिकारांचा प्रश्न निर्माण झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ सप्टेंबर १९६० रोजी निर्णय देताना, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालांना अशी स्थगिती देता येणार नाही, असे स्पष्ट केले. शेवटी २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. दरम्यान १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले होते. त्यामुळे हे प्रकरण विधी ग्रंथांत 'नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखले जाते.

१९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटी यांना क्षमा केली. आहुजा यांच्या बहिणीने या क्षमेस संमती दिली होती. त्याच सुमारास सिंधी समाजातील भाई प्रताप यांनाही क्षमा मिळाली. नानावटी कुटुंब पुढे कॅनडात स्थायिक झाले आणि २००३ साली नानावटी यांचे तेथेच निधन झाले.

या संपूर्ण काळात वृत्तपत्रांनी, विशेषतः रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' या साप्ताहिकाने, नानावटी यांची बाजू उचलून धरली. कर्तव्यदक्ष नौदल अधिकारी विरुद्ध चैनी श्रीमंत तरुण असे या प्रकरणाचे चित्र उभे राहिले. पुढे चित्रपटांनी जे केले, त्याची पूर्वतयारी वृत्तपत्रांनीच करून ठेवली होती, असे म्हणावे लागते.

'आकस्मिक' या शब्दाचा अर्थ

भारतीय दंड संहितेच्या कलम ३०० मधील पहिल्या अपवादानुसार, गंभीर व आकस्मिक प्रक्षोभनामुळे आत्मसंयमन गमावलेल्या व्यक्तीने प्रक्षोभन देणाऱ्याचा मृत्यू घडवून आणला, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. यामुळे शिक्षेची तीव्रता कमी होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्येही हा अपवाद कायम आहे.

नानावटी प्रकरणात न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांनी या अपवादाचे सविस्तर विवेचन केले. त्यांनी मांडलेल्या तत्त्वांचा सारांश पुढीलप्रमाणे सांगता येईल. आरोपी ज्या समाजस्तरातील आहे, त्या स्तरातील विवेकी मनुष्य तशाच परिस्थितीत आत्मसंयमन गमावेल काय, हे पाहावयाचे. काही परिस्थितीत शब्द आणि हावभाव यांमुळेही प्रक्षोभन होऊ शकते. मृत व्यक्तीच्या पूर्वीच्या वर्तनाने निर्माण झालेली मनोभूमिकाही विचारात घ्यावयाची. परंतु घातक कृत्य हे त्या प्रक्षोभनातून उसळलेल्या आवेगाचाच परिणाम असले पाहिजे. काळ लोटून आवेग शांत झाल्यावर विचारपूर्वक केलेले कृत्य या अपवादात बसत नाही.

पहिली तिन्ही तत्त्वे आरोपीला सहानुभूती दाखवणारी आहेत. पत्नीच्या कबुलीने कोणत्याही पतीच्या मनावर आघात होईल, हे न्यायालयाने नाकारले नाही. निर्णय फिरला तो शेवटच्या तत्त्वावर. नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून बाहेर पडले आणि घटना चार वाजून वीस मिनिटांनी घडली. मधल्या सुमारे तीन तासांत त्यांनी मुलांची सोय केली, शस्त्र मिळवले आणि व्यक्तीचा शोध घेतला. आत्मसंयमन परत मिळवण्यास हा काळ पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. ज्या शिस्तीमुळे ते उत्तम अधिकारी होते, तीच शिस्त त्या तीन तासांतील प्रत्येक कृतीत दिसून येते आणि तीच त्यांच्या विरोधात पुरावा ठरते.

खटल्यावर आधारित चित्रपट

या घटनेवरील पहिला उल्लेखनीय हिंदी चित्रपट म्हणजे आर. के. नय्यर दिग्दर्शित 'ये रास्ते हैं प्यार के' (१९६३). सुनील दत्त, लीला नायडू आणि रहमान यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. कथा काल्पनिक असल्याचे निवेदन आरंभी देऊन या चित्रपटात नायकाला वैमानिक दाखवण्यात आले. रवी यांच्या संगीतामुळे तो आजही स्मरणात आहे. मराठी रंगभूमीवर मधुसूदन कालेलकर यांचे 'अपराध मीच केला' हे नाटक याच खटल्याच्या पार्श्वभूमीवर अवतरले. सलमान रश्दी यांच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन' (१९८१) या कादंबरीतही नौदल अधिकाऱ्याचे असे एक उपकथानक आहे.

२०१६ साली टिनू सुरेश देसाई दिग्दर्शित 'रुस्तम' प्रदर्शित झाला. यात अक्षयकुमार यांनी रुस्तम पावरी या नौदल अधिकाऱ्याची भूमिका केली आणि त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या चित्रपटात खुनामागे संरक्षण खात्यातील भ्रष्टाचार रोखण्याचा हेतू जोडण्यात आला आहे. त्यामुळे पतीचा सूड हा देशभक्तीचा भाग होतो. कथा ज्यूरीच्या निर्दोषत्वाच्या निर्णयापाशी संपते. प्रत्यक्षात त्यानंतर दोन वरिष्ठ न्यायालयांनी नानावटी यांना दोषी ठरवले होते. केवळ चित्रपट पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात मात्र निर्दोषत्वाचीच नोंद राहते.

'हा भारतातील शेवटचा ज्यूरी खटला' हे विधानही वारंवार केले जाते. ते शब्दशः खरे नाही. या खटल्यामुळे ज्यूरीवरील विश्वास डळमळीत झाला हे खरे. परंतु देशाच्या काही भागांत ही पद्धत पुढेही काही वर्षे चालू होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान उरले नाही आणि ही संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. पारशी समाजाच्या विवाहविषयक न्यायालयांत समाजाचे प्रतिनिधी निर्णयप्रक्रियेत सहभागी होण्याची तरतूद १९३६ च्या कायद्यानुसार कायम राहिली.

'अचानक' : आशय आणि मांडणी

'अचानक' ची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची असून दिग्दर्शन गुलजार यांचे आहे. चित्रपटात एकही गाणे नाही. गुलजार स्वतः गीतकार असताना घेतलेला हा निर्णय लक्षणीय आहे. पार्श्वसंगीत कोकणचे सुपुत्र वसंत देसाई यांचे आहे. मेजर रणजित खन्ना यांची भूमिका विनोद खन्ना यांनी, तर पत्नी पुष्पा हिची भूमिका लिली चक्रवर्ती यांनी केली आहे. ओम शिवपुरी, फरीदा जलाल आणि असरानी हे रुग्णालयातील पात्रांच्या भूमिकेत आहेत.

कथानक थोडक्यात असे. युद्धात पराक्रम गाजवलेल्या मेजर रणजितला पत्नीचे आपल्याच मित्राशी संबंध असल्याचे कळते. तो दोघांनाही ठार करतो. त्याला फाशीची शिक्षा होते. मृत्यूनंतर आपले मंगळसूत्र गंगेत विसर्जित व्हावे, अशी पत्नीची इच्छा असते. ती पूर्ण करण्यासाठी तो पोलिसांच्या ताब्यातून निसटतो. पाठलागात त्याला गोळ्या लागतात. रुग्णालयातील डॉक्टर अथक प्रयत्नांनी त्याचे प्राण वाचवतात. मात्र बरा झाल्यावर त्याला फासावर जावयाचे असते.

ही कथा सरळ कालक्रमाने येत नाही. रुग्णालयातील वर्तमान, वैवाहिक जीवनातील आठवणी आणि युद्धाचे प्रसंग एकमेकांत मिसळतात. या मांडणीमुळे प्रेक्षकाला तीन प्रकारचे मृत्यू एकत्र पाहावे लागतात. पहिला रणांगणावरील, ज्यासाठी राष्ट्र पदक देते. दुसरा घरातील, ज्यासाठी न्यायालय फाशी देते. तिसरा वधस्तंभावरील, जो शासन स्वतः घडवून आणते. मारणारे हात आणि मारण्याचे कौशल्य तेच असताना एका ठिकाणी गौरव आणि दुसऱ्या ठिकाणी गुन्हा का, हा प्रश्न चित्रपट उभा करतो. भारत-पाक युद्धानंतर अवघ्या दोन वर्षांत, सैनिकाविषयीचा अभिमान शिगेला पोहोचलेला असताना असा प्रश्न विचारणे धाडसाचे होते.

डॉक्टरांची पात्रे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. ज्याला वाचवावयाचे तो उद्या फासावर जाणार आहे, हे त्यांना ठाऊक असते. तरीही ते आपले कर्तव्य सोडत नाहीत. सैनिकाचे कर्तव्य प्राण घेण्याचे आणि डॉक्टरांचे प्राण राखण्याचे. दोन्ही कर्तव्ये अखेर त्याच फाशीच्या दोरापाशी येऊन थांबतात. त्यामुळे 'अचानक' हा केवळ विश्वासघाताचा चित्रपट न राहता मृत्युदंडाविषयी विचार करावयास लावणारा चित्रपट होतो.

प्रत्यक्ष खटल्याशी तुलना करता महत्त्वाचे फरक दिसतात. नौदलाच्या जागी भूदल आले. बहुभाषिक मुंबईतील पारशी-इंग्रज कुटुंबाच्या जागी मंगळसूत्र व गंगा मानणारे हिंदू कुटुंब आले. नानावटी यांना क्षमा मिळाली, रणजितला मिळत नाही. सर्वांत मोठा फरक म्हणजे, प्रत्यक्षातील पत्नी जिवंत राहिली, तर चित्रपटातील पत्नीला पतीच्या हातून मरावे लागते.

चित्रपटाचे नावही विचार करण्यासारखे आहे. 'अचानक' हा शब्द कायद्यातील 'आकस्मिक' या संज्ञेचा बोलीभाषेतील पर्याय आहे. कायदा विचारतो, कृत्य खरोखरच अचानक घडले काय? दोन तासांच्या चित्रपटात काळ आक्रसतो. प्रत्यक्षातील तीन तासांची शांत तयारी पडद्यावर काही क्षणांची होऊ शकते आणि प्रेक्षकाला आवेग तेवढा जाणवतो. अशा वेळी प्रेक्षक ज्यूरीच्या आसनावर बसलेला असतो. परंतु त्याच्यापुढे पुरावा ठेवणारे कोणी नसते. 'अचानक' चे मोठेपण असे की, तो नायकाविषयी करुणा जागवूनही त्याला निर्दोष ठरवत नाही. रणजित शिक्षेपासून सुटण्यासाठी पळत नाही, तर एक इच्छा पूर्ण करण्यासाठी पळतो. 'रुस्तम' ने सोडून दिलेली नैतिक जबाबदारी 'अचानक' ने त्रेचाळीस वर्षे आधी स्वीकारली होती.

कथासूत्रातील स्त्रीचे स्थान

सिल्व्हिया नानावटी यांनी न्यायालयात पतीच्या बाजूने साक्ष दिली. त्यांनी आहुजा यांना लिहिलेली पत्रेही न्यायालयापुढे आली. म्हणजेच प्रत्यक्ष खटल्यात स्त्रीला वाणी होती. चित्रपटात ही वाणी क्षीण होते. 'अचानक' मधील पुष्पा आपल्याला पतीच्या आठवणींतून दिसते. तिचे एकटेपण, तिचा निर्णय आणि तिची बाजू तिच्या तोंडून फारशी येत नाही. मंगळसूत्राच्या इच्छेमुळे मृत्यूनंतर ती पुन्हा पतिव्रता ठरते. सतीशिळेवरील जुनी प्रतिमा येथे नव्या रूपात परत येते.

कायद्याची दृष्टीही दीर्घकाळ अशीच होती. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ नुसार व्यभिचाराचा गुन्हा परपुरुषावर लागू होई, स्त्रीवर नव्हे; आणि फिर्याद करण्याचा अधिकार पतीला असे. वरवर पाहता ही स्त्रीला दिलेली सवलत वाटते. वस्तुतः स्त्री ही पतीची मालमत्ता असून दुसऱ्याने तिचे हरण केले, ही कल्पना त्यामागे होती. १९८५ साली न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी सौमित्री विष्णू प्रकरणात हे कलम वैध ठरवले. नानावटी खटल्यात उच्च न्यायालयापुढे सरकारची बाजू मांडणारे वकील तेच होते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. त्या पीठावर त्यांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते.

या निर्णयानंतर सैन्यदलांपुढे शिस्तीचा प्रश्न उभा राहिला. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २०१८ च्या निर्णयाचा सैन्यदलांच्या स्वतंत्र कायद्यांशी संबंध नाही. त्यामुळे १९५० च्या सेना अधिनियमातील अशोभनीय वर्तनविषयक कलम ४५ किंवा शिस्तभंगविषयक कलम ६३ खाली कारवाई होऊ शकते. सीमेवर असलेल्या सैनिकाचे मनोधैर्य हे राज्यसंस्थेच्या दृष्टीने आजही स्वतंत्र मूल्य आहे, असा याचा अर्थ होतो. ते मूल्य जपण्याचा मार्ग मात्र चौकशी आणि शिस्त हा आहे, शस्त्र हा नव्हे.

पेण–रोहा परिसरातील अध्ययनाच्या दृष्टीने महत्त्व

ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विधी, समाजशास्त्र आणि साहित्य हे विषय स्वतंत्रपणे शिकवले जातात. 'अचानक' सारखा चित्रपट या तिन्ही विषयांना एकत्र आणू शकतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यातून चाकरमानी कुटुंबातील विश्वासाचे स्वरूप अभ्यासता येईल. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला कथनातील काळाची मोडतोड समजेल. तर राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला राज्यपालांचा क्षमाधिकार आणि न्यायालयाचे स्वातंत्र्य यांतील संघर्ष उदाहरणासह कळेल. प्रथम चित्रपट दाखवून विद्यार्थ्यांचा कौल घ्यावा, नंतर दीड ते चार वाजून वीस मिनिटांपर्यंतचा प्रत्यक्ष घटनाक्रम त्यांच्यापुढे ठेवावा आणि कौल बदलतो काय ते पाहावे, असा साधा उपक्रम कोणत्याही वर्गात करता येईल.

या अभ्यासाची गरज केवळ शैक्षणिक नाही. पत्नीच्या चारित्र्याविषयीच्या संशयावरून होणारी हिंसा समाजात आजही घडते आणि तिचे समर्थन करताना 'रागाच्या भरात घडले' हेच वाक्य वापरले जाते. राग आणि कृत्य यांच्यामधील वेळेकडे लक्ष द्यावयास शिकवणे, हे या खटल्याचे सर्वांत मोठे सामाजिक मोल आहे.

निष्कर्ष

१. सैनिकाच्या शौर्याला स्त्रीनिष्ठेची जोड देणारी जुनी सांस्कृतिक अपेक्षा हे या कथासूत्राच्या लोकप्रियतेचे प्रमुख कारण आहे.
२. नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या वेदनेची दखल घेतली. परंतु सुमारे तीन तासांच्या कालावधीमुळे प्रक्षोभनाचा बचाव अमान्य केला.
३. चित्रपट या कालावधीला आक्रसून कृत्याला आवेगाचे रूप देतात. 'रुस्तम' मध्ये हे कृत्य गौरवास्पद ठरते, तर 'अचानक' मध्ये त्याची जबाबदारी स्वीकारली जाते.
४. प्रत्यक्ष खटल्यातील बोलणारी स्त्री चित्रपटात बहुतांशी मूक होते. कलम ४९७ रद्द झाल्यानंतर या कथासूत्राचे नव्याने वाचन होणे आवश्यक आहे.
५. सैनिकाविषयीचा आदर आणि कायद्याचे राज्य यांत विरोध नाही. माणगावच्या यशवंत घाडगे यांचे स्मरण समाज करतो ते त्यांनी इतरांसाठी प्राण दिले म्हणून. हाच आदर वैयक्तिक सूडाला ढाल म्हणून वापरला गेला, तर त्या बलिदानाचे मोल कमी होते.